चाळिशीत एलएलबी : फॉर्म भरण्याआधी मांडायचा हिशेब

सीईटीचे, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले की मला ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. समोरची व्यक्ती बहुधा चाळिशीच्या आसपासची, पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेली, घरी एक-दोन मुलं. प्रश्न एकच : "या वयात एलएलबीचा अभ्यास झेपेल का हो?"

अभ्यास झेपतो. मी एक्केचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तेव्हा मुलगी आठवीत होती, मुलगा तिसरीत, आणि विमा कंपनीच्या दावे विभागात माझी पूर्णवेळ नोकरी चालू होती. पहिले दोन महिने तीन तास सलग लिहून हात भरून यायचा, कलमं डोक्यात राहायची नाहीत. दिवाळीपर्यंत दोन्ही सवयीचं झालं. माझी गफलत झाली ती दुसरीकडे. पदवी तीन वर्षांची म्हणून मी तीन वर्षांचाच विचार केला होता. प्रत्यक्षात हा निर्णय सहा वर्षांचा असतो : तीन शिकण्याची आणि पुढची किमान तीन, ज्यात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात असते पण घर चालेल एवढी कमाई नसते. हे आधी कळलं असतं तरी मी वकिलीच निवडली असती, पण पैशांची आणि मुलांच्या वर्षांची मांडणी वेगळी केली असती. तुम्हाला ती आधीच करता यावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी : शेवटाकडून सुरुवात करा

एका कोऱ्या कागदावर लिहा : निकाल लागल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी कुठे असेन? "कायद्याची आवड आहे", "अन्यायाची चीड आहे" ही उत्तरं इथे चालणार नाहीत. जागा लिहायची आहे.

ती जागा कोर्ट असेल, तर एक नियम आजच समजून घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ४९ क्रमांकाचा नियम तो हाच. सनद घेतल्यावर नोकरी धरली, तर कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणजे "नोकरी सांभाळून शनिवारी केसेस बघेन" हा बेत बसत नाही. मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा बेत नेमका हाच असतो, आणि हे ऐकल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता असते.

ती जागा सध्याचंच ऑफिस असेल, म्हणजे पदवीच्या जोरावर विधी विभागात जायचं किंवा बढती घ्यायची असेल, तर सनदेची गरज नाही आणि नोकरीही सुटत नाही. मात्र मनुष्यबळ विभागाला थेट विचारा : आमच्याकडे विधी अधिकाऱ्याच्या पदाला पदवी पुरते की वकिलीचा अनुभव मागतात? बऱ्याच जाहिरातींत अनुभवाची अट असते.

न्यायाधीश व्हायचं म्हणून कुणी या वाटेवर येत असेल, तर मी स्पष्ट सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. महाराष्ट्रात त्या परीक्षेला वकिलांसाठी वयोमर्यादा ३५ आहे, राखीव प्रवर्गांना काही वर्षांची सवलत. चाळिशीत सुरुवात करणाऱ्यासाठी हे दार बंद आहे. ते मनातून काढून मगच पुढचा विचार करा.

आता चाळिशीची जमेची बाजू. ती खरी आहे आणि मोठी आहे. पंचविशीच्या वकिलाकडे नसतं ते तुमच्याकडे असतं : एखाद्या धंद्याची आतून माहिती. विम्याच्या फायली बघण्यात माझी सोळा वर्षं गेली. आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सर्व्हेअरचा अहवाल हातात आला की कुठल्या पानावर बोट ठेवायचं ते मला शिकावं लागत नाही. बँकेत कर्जवसुली पाहिलेल्याला कर्जवसुली न्यायाधिकरण, कारखान्यात आस्थापना सांभाळलेल्याला कामगार न्यायालय, बांधकाम क्षेत्रातल्याला घरखरेदीच्या तक्रारी ऐकणारं महारेरा, परिचारिकेला वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी. तुमच्या कागदावर असा एखादा जोड दिसत असेल, तर तुम्ही शून्यातून सुरुवात करत नाही. दिसत नसेल तर अडणार नाही, पण पहिला पक्षकार मिळायला वेळ लागेल हे धरून चाला.

दुसरी पायरी : पात्रता

हे थोडक्यात. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. ४४.९ चे ४५ होत नाहीत, म्हणून जुनी गुणपत्रिका काढून स्वतः बेरीज करा. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण त्याआधी रीतसर दहावी-बारावी झालेली हवी. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षेवरून पदवीला बसलेल्यांना अडचण येते.

वयाबद्दलची भीती सोडा. बार कौन्सिलने २०१६ मध्ये तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिशीची मर्यादा पुन्हा लावायचा प्रयत्न केला होता, मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझ्या वर्गात निवृत्त पोलीस अधिकारी होते, आणि नोट्स सगळ्यांत नीटनेटक्या त्यांच्याच असायच्या.

तिसरी पायरी : तासांचा हिशेब

इथे थांबून नीट वाचा. बहुतेकांचा निर्णय इथेच फसतो.

एलएलबी पत्राने किंवा दूरशिक्षणाने होत नाही. अशी पदवी वकिलीसाठी ग्राह्यच धरली जात नाही. पूर्वी असायची तशी रात्रीची लॉ कॉलेजंही आता नाहीत : नियमानुसार वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच भरवायचे असतात. सत्र किमान पंधरा आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तास, त्यातले किमान २४ व्याख्यानांचे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. काही सबळ कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट मिळू शकते, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरावे लागतात.

गुणाकार करू. ३० तास, १५ आठवडे, सहा सत्रं म्हणजे २,७०० तास. त्याचे ७० टक्के १,८९०. आठवड्याला २१ तास, सहा दिवसांत वाटले तर रोज साडेतीन. यात जाण्यायेण्याचा वेळ नाही, घरचा अभ्यास नाही, आणि तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवड्यांची जी इंटर्नशिप करावी लागते तीही नाही. इंटर्नशिप कोणत्याही वर्षी सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही, म्हणजे ती एका दमात उरकता येत नाही. दरवर्षी सुट्टी काढावी लागते. तुमच्या हक्काच्या रजा बहुधा यातच जातील.

"हजेरीचं आम्ही बघतो, फी भरा" असं सांगणारी माणसं भेटतील. मलाही प्रवेशाच्या वेळी एका ठिकाणी हेच ऐकवलं गेलं होतं. त्या वाटेला जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात कॅमेरे बसवायला सांगितलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजेरी कमी म्हणून विधी विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असं म्हटलं आहे, पण त्या भरवशावर तीन वर्षांचा बेत आखू नका. आणि मुळात, खोट्या हजेरीने सुरू झालेली वकिली कुठल्या तोंडाने करायची?

म्हणून व्यवहार्य मार्ग तीनच उरतात. सकाळचे वर्ग असलेलं महाविद्यालय आणि दुपारनंतरची पाळी. कामाचे तास कमी करून पगारात घट. किंवा नोकरी सोडणं. मी पहिला मार्ग धरला. आठला वर्ग, बाराला ऑफिस, रात्री आठला सुटका. महाविद्यालय घर आणि ऑफिस यांच्या मधे होतं म्हणूनच ते जमलं. नाव मोठं असलेल्या महाविद्यालयासाठी रोज दीड तासाचा प्रवास धरणार असाल, तर आठवड्याचे नऊ तास कुठून आणणार ते आधी लिहून काढा.

चौथी पायरी : ऑफिसची परवानगी

प्रवेशाआधी लेखी परवानगी घ्या. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत खात्याची पूर्वपरवानगी लागतेच. खासगी नोकरीतही आता ती टाळून चालत नाही, कारण त्याच २०२४ च्या परिपत्रकानुसार पदवीच्या काळात नोकरी केली असेल तर ते जाहीर करावं लागतं आणि ना हरकत प्रमाणपत्र दाखवावं लागतं. साहेबांच्या तोंडी "बघू, कर तू" वर विसंबू नका. साहेब बदलतात. माझे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बदलले, आणि नव्या साहेबांसमोर माझ्याकडे शिक्क्याचं पत्र होतं म्हणून दुपारची पाळी टिकली.

पाचवी पायरी : सहा वर्षांचे पैसे

लोक फी विचारतात. फी हा यातला लहान आकडा आहे. अनुदानित महाविद्यालयात ती काही हजारांत भागते, खासगी विनाअनुदानित ठिकाणी बरीच जास्त असते आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली असते. भरण्याआधी ती त्यांच्या संकेतस्थळावर ताडून बघा. सनदेसाठी नोंदणी शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५.

मोठा आकडा पगार थांबल्याचा. समजा तुमच्या पगारातले ४५,००० रुपये दरमहा घरखर्चात जातात. सिनियरकडे ज्युनियर म्हणून बसल्यावर काय मिळेल? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. पाच हजारांवर राबणारे ज्युनियर मी रोज बघते. तरी १५,००० धरू. महिन्याला ३०,००० चं खिंडार, तीन वर्षं : दहा लाख ऐंशी हजार. हा या निर्णयाचा खरा खर्च. तो साठवलेला असावा, किंवा जोडीदाराच्या पगारात घर चालतं हे आधी सहा महिने तसं जगून पाहिलेलं असावं. आम्ही सहा महिने माझा पगार वेगळ्या खात्यात टाकून बघितला. चौथ्या महिन्यात गाडीचा विमा आणि शाळेची फी एकदम आली आणि आम्ही अडखळलो. ते अडखळणं नोकरी असतानाच कळलं, हे फार बरं झालं.

माझ्या जुन्या कामातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. नोकरी सुटली की कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो. म्हणून राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कुटुंब पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात. चाळिशीत कुणाला रक्तदाब, कुणाला साखर असतेच, आणि घरात सासू-सासरे किंवा आईवडील असतील तर हे टाळू नका.

मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही दोघांनी पहिल्याच दिवशी केला. मुलांच्या पैशावर आईने शिकायचं आणि तिची कमाई लांबली की मुलांनी कर्ज काढायचं, हा व्यवहार मला पटत नाही. स्वतःच्या नावावर शैक्षणिक कर्ज घेणं त्यापेक्षा बरं.

सहावी पायरी : मुलांचं कॅलेंडर

एका कागदावर डावीकडे सहा वर्षं लिहा, उजवीकडे प्रत्येक मुलाची त्या वर्षीची इयत्ता. मी हे केलं नव्हतं. मुलीची दहावी आणि माझं शेवटचं वर्ष एकाच वेळी आलं. फेब्रुवारीत तिची प्रात्यक्षिकं, माझा मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा, माझं मसुदालेखनाचं जर्नल. तिने एकदा भूमितीचं प्रमेय घेऊन माझ्याकडे यायचं टाळलं, कारण "तू वाचत होतीस." ते वाक्य अजून टोचतं. दोन वर्षं आधी किंवा तीन वर्षं नंतर प्रवेश घेतला असता तर हे टळलं असतं. दहावी किंवा बारावी तुमच्या शेवटच्या वर्षावर किंवा सनदेनंतरच्या पहिल्या वर्षावर येत असेल, तर ते टळेल एवढी वर्षं थांबा. वयोमर्यादा नाही, याचा उपयोग इथे करून घ्या.

घरच्यांशी बोलताना "सांभाळून घ्याल ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. कामं नावानिशी वाटा : मंगळवार-गुरुवारी डबा कोण भरणार, शाळेतून फोन आला तर कुणाला जाईल, परीक्षेच्या तीन आठवड्यांत रात्री जेवण कोण करणार. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "सकाळचं मी बघेन, संध्याकाळचं माझ्याच्याने होणार नाही." त्या स्पष्ट बोलल्या म्हणून संध्याकाळसाठी आम्ही बाई लावली आणि तीन वर्षांत त्यावरून एकदाही कुरबूर झाली नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनी ही पायरी सगळ्यांत आधी करावी. मुलाला ताप आला त्या दिवशी येऊ शकेल अशा दोन माणसांची नावं लिहिता आली तर पुढे जा.

सातवी पायरी : एक महिना करून बघा

फॉर्म भरण्याआधी दोन दिवस रजा काढा आणि जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. कोर्टाचं कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. एक दिवस दिवाणी कोर्टात, एक दिवस फौजदारी. पुकारा होतो, पुढची तारीख पडते, वकील बाहेर येऊन पक्षकाराला समजावतात, पुन्हा आत जातात. दिवसातला किती वेळ वाट बघण्यात जातो ते मोजा. हे बघून कंटाळा आला तर तो गंभीरपणे घ्या. हाच रोजचा दिवस आहे. मला त्या दिवशी एका आजीबाईंची उलटतपासणी बघायला मिळाली. साध्या मराठीत विचारलेल्या चार प्रश्नांनी अख्खा दावा फिरला, आणि मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला हेच करायचंय.

उरलेले दिवस रोज एक तास भारतीय करार कायदा, १८७२ ची बेअर अ‍ॅक्ट वाचा. गाईड नको, मूळ कलमं. रोज एक पान हाताने लिहा, पुस्तक मिटून. राज्यातल्या विद्यापीठांत मराठीतून उत्तरं लिहिण्याची सोय सर्रास असते आणि तालुका-जिल्हा न्यायालयांचं कामही मराठीतून चालतं, पण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत वाचावेच लागतात. दोन्ही भाषांत वाचायची सवय आताच लावा. फौजदारी बाजूला तर नव्याने येणाऱ्यांसाठी हा बरा काळ आहे : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम जुन्या कायद्यांच्या जागी लागू झाले, त्यामुळे तीस वर्षं वकिली केलेले सिनियरसुद्धा कलमांचे नवे आकडे पाठ करताहेत.

महिन्याच्या तीस दिवसांपैकी वीस दिवससुद्धा तो एक तास काढता आला नाही, तर या वर्षी फॉर्म भरू नका.

नाही ठरलं तर

काहींची गरज पदवीशिवायही भागते. कामगार कायदे किंवा करकायद्याच्या पदविका अनेक लॉ कॉलेजांत असतात आणि नोकरीतल्या माणसाला झेपतात. लोकांना मदत करायची असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं. त्याला वकील असावं लागत नाही. माझी एक मैत्रीण पाचव्या पायरीवर थांबली आणि स्वयंसेवक झाली. विधवा पेन्शनचे आणि रेशनकार्डाचे तिने मार्गी लावलेले अर्ज बघितले की मला तिचा हेवा वाटतो.

ठरलं तर

राज्याच्या सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची परीक्षा संगणकावर होते : कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. महाविद्यालय निवडताना बार कौन्सिलची मान्यता, वर्गांची खरी वेळ आणि अंतर, या तीनच गोष्टी बघा. वेळ विचारायची ती ऑफिसात नाही, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना. पदवीनंतर सनद मिळाली की दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. ती मराठीतूनही देता येते आणि टिपा नसलेली बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येते, तिची धास्ती नको.

धास्ती घ्यायची तर कागदांची. प्रवेशफेऱ्या लांबतात, पण तुमचा नंबर लागल्यावर कागद दाखवायला मोजके दिवस मिळतात. मधल्या वर्षांसाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र, जुन्या महाविद्यालयाचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, आरक्षण असेल तर जात वैधता. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढून ठेवा. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाला अठरा वर्षं होऊन नोंदणीच केलेली नव्हती. ती करून प्रमाणपत्र हातात यायला अकरा दिवस लागले, आणि पहिल्या फेरीत मला मिळालेली जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळाला.